बारदानासकट

संपादकांचं पत्र आलं की, आजारी मुलांच्या सेवेत घालवलेल्या आयुष्याबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा, वाचकांचे डोळे पाणावतील. पत्र मी दोनदा वाचलं. सेवा वगैरे मी काही केलेली नाही. मी नर्सची नोकरी केली. महिन्याच्या महिन्याला पगार घेतला, रजा मागितल्या, मिळाल्या नाहीत की तोंड फुगवलं, आणि मोठ्या डॉक्टरांच्या पाठीमागे त्यांच्या चालण्याची नक्कल करून मुलांना हसवलं. डोळे पाणावायचेच असतील तर वाचकांनी कांदा चिरावा. कांद्याचा विषय पुढे येणारच आहे.

आमचं इस्पितळ चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, लढाईच्या काळात बांधलेल्या दोन बराकींत होतं. एका धर्मादाय मंडळाने त्या मिळवल्या होत्या. एका बराकीत मोठी माणसं, दुसरीत मुलं. मुलांच्या बारा खाटा आणि त्यांच्यावर मी. आज तिथे जी कारखान्यांची आणि मोटारींची गर्दी आहे ती तेव्हा नव्हती. खिडकीतून बाजरी दिसायची. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकताच सुरू होत होता आणि आमची आया गजराबाई मला विचारायची, "बाई, एवढी विंजेक्शनं टोचून घ्यायला मानसं कुठनं आणनार?"

आमच्याकडची मुलं लांबणीच्या दुखण्याची. हाडाचा क्षय, पाठीच्या कण्याचा क्षय, सांधेवाताने बिघडलेली हृदयं, मूत्रपिंडाची दुखणी. ताप आला, औषध दिलं, घरी गेला असं आमच्याकडे होत नसे. कण्याचा क्षय झालेलं मूल आम्ही प्लॅस्टरच्या पन्हाळीत उताणं निजवायचो आणि ते तसंच आठ-आठ, दहा-दहा महिने निजायचं. आत खाज सुटली की विणकामाची सुई घालून खाजवायचं. नर्सिंगच्या पुस्तकात हे नाही, पण माझ्या कामाचा निम्मा भाग ही सुई होती. उरलेला निम्मा वाट बघण्याचा.

डॉक्टर आणि औषधं मंडळ बघायचं. दूध, अंडी, कपडे, खेळणी हे सगळं दात्यांकडून वस्तुरूपाने यायचं. त्यामुळे मला दोन कामं होती: मुलांना जगवायचं आणि दात्यांना खूश ठेवायचं. दुसरं काम जास्त अवघड होतं, कारण मुलांना निदान औषध तरी लागू पडायचं.

एका महिला मंडळाच्या बायकांनी भर वैशाखात लोकरीच्या टोप्या आणल्या आणि त्या घातलेली मुलं बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसून राहिल्या. बारा मुलं टोप्या घालून घामाने निथळत होती आणि बायका म्हणत होत्या, "किती गोड दिसतात." एका गृहस्थाने पेटी दिली, तिचे चार सूर वाजत नव्हते आणि तेच चार सूर प्रत्येक गाण्यात लागायचे. निवडणुकीच्या आधी एक पुढारी केळ्यांची करंडी घेऊन आले, प्रत्येक खाटेपाशी फोटो काढून घेतला आणि जाताना करंडी उचलून घेऊन गेले. पुढच्या गावी तीच करंडी दाखवायची होती म्हणे. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतला एक कापडवाला मात्र दर दोन महिन्यांनी चादरी आणून दारातच ठेवायचा आणि आत न येता पळायचा. आजारी मुलं बघवत नाहीत, असं सांगायचा. तो माझा सगळ्यात आवडता दाता.

मुलं माझ्याहून हुशार. कुठल्या दात्याला काय आवडतं हे त्यांना पक्कं कळलं होतं. काहींना मुलं केविलवाणी लागत, काहींना हसरी. पाहुणे फाटकाशी दिसले की ठकू मला विचारायची, "शिष्टर, कन्हायचं का हसायचं?" मी खूण करायची आणि सगळा वॉर्ड त्याप्रमाणे चालायचा. ठकू कुरुळीची, नऊ वर्षांची, कण्याच्या क्षयाने प्लॅस्टरमधे पडलेली. तिचं कण्हणं इतकं अव्वल होतं की एकदा खुद्द मोठे डॉक्टर तिची नाडी बघायला धावले. मंडळाच्या चिटणिसांना हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण त्या कण्हण्यावर महिनोन्महिने अंडी आली, आणि मुलांनी ती खाल्ली.

तरी दात्यांना पुरावा हवा असे. आम्ही दिलेलं दूध नेमकं कुठे जातं, असा त्यांच्या मनातला प्रश्न. नर्स पिते की काय, अशीही एकाला शंका होती. म्हणून मी एक युक्ती काढली. भिंतीवर मोठा काळा फळा लावला. त्यावर मुलांची नावं आणि पुढे दर रविवारी केलेलं वजन. वर मी माझ्या सुवाच्य अक्षरात पांढऱ्या रंगाने रंगवून टाकलं: "वजन वाढले की मूल सुधारले." दर रविवारी सकाळी पाहुण्यांसमोर वजनाचा कार्यक्रम व्हायचा. एकेक मूल काट्यावर उभं राहायचं, गजराबाई आकडा ओरडायची, मी फळ्यावर लिहायची आणि पाहुणे माना डोलवायचे. क्षयाच्या मुलांना हे वाक्य चपखल लागू होतं. एका दाम्पत्याने तर "आमचं दूध दीड पौंड चढलं" असं म्हणून एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि मी महिनाभर स्वतःवर खूश होते.

या सोहळ्यात एकटी ठकू नाखूश असायची. तिला पन्हाळीतून काढून काट्यावर उभी करणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या नावापुढे नुसतं "प्लॅस्टर" असं लिहिलेलं. बाकीची मुलं तिला चिडवायची की तुला वजनच नाही, तू हवेची आहेस.

दिवाळी झाल्यावर सोपान आला. चाकणजवळचा, सहा वर्षांचा, मूत्रपिंडाच्या विकाराने सुजलेला. या दुखण्यात अंगात पाणी साचतं. डोळे मिटतात, पोट ताणतं, पाय मऊ खांबासारखे होतात, आणि लांबून बघणाऱ्याला मूल चांगलं बाळसेदार वाटतं. एक पाहुण्या तर त्याच्या गालाला चिमटा काढून म्हणाल्या, हा इतका गुटगुटीत, याला कशाला दूध, त्या पलीकडच्या काटकीला द्या. ती पलीकडची काटकी बरी होऊन पुढच्याच आठवड्यात घरी निघाली होती. वॉर्डात सगळ्यात जास्त धोका त्या गुटगुटीत मुलाला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा वाचला तर अळणी जेवणाने, अंड्या-दुधाने आणि नशिबाने वाचेल. मिठाचा कण जाऊ देऊ नका.

सोपानबरोबर त्याचे आजोबा आले, गेनूशेठ. चाकणच्या बाजारात त्यांची कांद्याची आडत होती. सोपानची आई बाळंतीण होती, बाप देहूरोडला डेपोत कामाला, त्यामुळे येणं-जाणं आजोबांचंच. बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल आणि बारमाही छत्री. गजराबाईचा भाऊ त्यांच्याकडे कांदा घालायचा, तिने मला पहिल्याच दिवशी त्यांची कीर्ती ऐकवली. गोणी तोलली की रिकाम्या गोणीचं वजन, म्हणजे बारदान, वजा करतात. ती बाजाराची रीतच आहे. पण गेनूशेठ बारदान असं काही वजा करायचे की गोणी तागाची नसून लोखंडाची आहे असं शेतकऱ्याला वाटावं. बाजारात त्यांना तोंडावर शेठ आणि पाठीमागे बारदानशेठ म्हणत.

पहिल्या भेटीतच त्यांनी वॉर्डाची पाहणी केली, एखादं गोदाम बघावं तशी. खाटा हलवून बघितल्या, दुधात बोट बुडवून चाटलं. फळ्यासमोर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की, बाई, हे एक बेस केलंत, दवाखान्यात पहिल्यांदाच काहीतरी समजण्याजोगं लिहिलेलं दिसलं. मी फुलले. तिथेच मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं की, शेठ, हे वाक्य तुमच्या नातवासाठी नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना वाटलं, शिष्टर सांगेल.

जाताना त्यांनी असंही ऐकवलं की, त्यांनी निमगावच्या खंडोबाला नवस बोललाय. पोरगा बरा होऊन घरी आला की त्याच्या वजनाइतका गूळ. मी गमतीने म्हटलं, देवाला एवढा गूळ कशाला, आमच्या मुलांना द्या, देव काही रागावणार नाही. ते गंभीरपणे म्हणाले की, देवाशी सौदा झालेला आहे, मधे दलाल नको.

अळणी जेवण सहा वर्षांच्या मुलाला घालणं ही एक शिक्षा असते, मुलाला आणि घालणाऱ्याला. सोपान घास तोंडात धरून बसायचा आणि शेजारच्या खाटेवरून ठकू त्याला सांगायची की गिळ, मी तुला गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत पुढाऱ्याच्या केळ्यांची करंडी गावोगाव फिरायची आणि प्रत्येक गावी आतलं एक केळं कमी व्हायचं. शेवटी करंडीत पुढारीच बसायचा. सोपान हसायचा आणि हसताना घास खाली जायचा. महिन्याभरात त्याची सूज उतरायला लागली. लघवी भरपूर व्हायला लागली, डोळे उघडले. फळ्यावरचा त्याचा आकडा दर रविवारी खाली येत होता आणि मी व डॉक्टर एकमेकांकडे बघून हसत होतो.

गेनूशेठ हसत नव्हते. दर रविवारी ते काट्याशी उभे राहायचे, पौंडांचे शेर करायचे, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलं की, आमच्या पोराची दूध-अंडी मधे कुठे मुरतात का. डॉक्टर चिडके. पोरगा सुधारतोय, तुम्हाला काय कळतं, असं म्हणून ते निघून गेले.

त्याच सुमारास मी बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेले. एक रविवार मधे गेला. परत आले तर वॉर्डात पेढ्यांचा वास. गेनूशेठ स्वतः खाटाखाटांशी जाऊन पेढे वाटत होते. गजराबाईच्या मते ही घटना सूर्य पश्चिमेला उगवण्याच्या तोडीची होती. फळ्यावर सोपानचा आकडा चांगला पाच पौंडांनी चढला होता. मी खाटेकडे बघितलं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा. पोट परत ताणलेलं. पोरगा श्वास घेताना खांदे उचलत होता.

गादी उचलली तर खाली शेंगदाण्यांची लाल फोलपटं. मी गेनूशेठच्या हातातली छत्री ओढून घेतली आणि उघडली. खारे दाणे, पापडाचे तुकडे आणि कागदात बांधलेलं लिंबाचं लोणचं वॉर्डभर पसरलं. मुलं हसायला लागली आणि माझा चेहरा बघून गप्प झाली. मी त्या म्हाताऱ्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नातवाला मारायला निघालात का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं.

ते ओरडले नाहीत. हातातला पेढ्यांचा पुडा तसाच धरून फळ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाई, तुमीच लिवलंय न्हवं? वजन वाढलं की पोर सुधारलं. अळनी खाऊन पोरगं हप्त्याला घटत चाललं हुतं. मी जन्मभर काट्यावर इस्वास ठिवलाय. काटा खोटं बोलतो व्हय?"

मी खाली वाकून सांडलेले दाणे गोळा करायला लागले.

पुढचे चार दिवस सोपानचं काही खरं नव्हतं. श्वास लागायचा, उशा रचून त्याला बसता ठेवायचं, ओठ ओले करायचे. गेनूशेठ व्हरांड्यात बसून राहिले. बाजार कोण बघतंय असं विचारलं तर मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माफी मागावी म्हणून गेले होते, पण मला माफी मागायची सवय नाही, म्हणून कांद्याबद्दल बोलले. विचारलं, पावसात भिजलेली गोणी तुमच्याकडे आली तर तुम्ही त्या वजनाला घेता का?

ते म्हणाले की, भिजका माल कोण घेईल, त्यात निम्मं पाणी, वाळला की कांदा उघडा पडतो.

मी म्हटलं, तुमचा नातू भिजका माल आहे, शेठ. त्याचं वाढलेलं वजन पाण्याचं. तो वाळला पाहिजे, घटला पाहिजे, मगच खरा सोपान दिसेल. मीठ घातलं की पाणी धरतं.

त्यांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "हे तुमी पयल्या दिशी का न्हाई सांगितलं? मला ह्येवडंच तर कळतं." त्या वाक्याने मला जे वाटलं ते आमच्या मंडळाच्या चिटणिसाने दहा मेमो दिले असते तरी वाटलं नसतं.

पाचव्या दिवशी सूज परत उतरायला लागली. आणि गेनूशेठचा नूर असा पालटला की विचारू नका. पुढच्या रविवारी नातू तीन पौंडांनी घटला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन पौंड घटला तर त्यांनी त्या टोप्यांवाल्या बायकांना पेढे वाटले. "घटला, चांगला घटला," म्हणत म्हातारा खाटांमधून हिंडत होता आणि बायका घाबरून माझ्याकडे बघत होत्या. एका पाहुण्याने मला हळूच विचारलं की हे गृहस्थ मोठ्या माणसांच्या बराकीतून चुकून इकडे आलेत का. गेनूशेठ आता अळणी भाकरी स्वतः सोपानसमोर बसून खायचे, म्हणजे पोराला एकटं वाटू नये. छत्री दाराशी गजराबाईच्या हवाली करून, उघडून दाखवून मगच आत यायचे.

पाणी सगळं उतरलं तेव्हा खाली जे मूल निघालं ते बघून आम्हीसुद्धा चपापलो. मनगटं काडीएवढी, बरगड्या मोजता येतील अशा. गेनूशेठनी त्याला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी वरखाली करून तोललं, आणि नुसतं म्हणाले, "ह्येवडाच हुता व्हय आमचा सोपान?"

फाल्गुनात सोपानला ताप भरला. पोटात दुखायला लागलं, पोट फळीसारखं ताठ झालं. या दुखण्याच्या मुलांना कधी कधी पोटात पू होतो, अशांना आम्ही आधीही गमावलं होतं. पेनिसिलिन दिलं, पुण्याहून दुसरे डॉक्टर आणले. दुपारच्या दुधाच्या वेळी, ठकू त्याला करंडीची गोष्ट सांगत असताना, तो गेला. ती गोष्ट सांगतच राहिली, कारण तिला मान वळवून बघता येत नव्हतं. मी तिला गप्प केलं नाही. गोष्ट संपेपर्यंत मी त्याचा हात धरून बसले.

गेनूशेठनी मला एकच गोष्ट विचारली: दाण्यांमुळे का? मी ठामपणे नाही म्हटलं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं की, हा नवा जंतूंचा प्रकोप, त्या मिठाचा याच्याशी संबंध नाही. डॉक्टरांना खात्री होती. मी मात्र खात्री नसताना खात्रीने बोलले. माझ्या नोकरीत मी जी अनेक खोटी बोलले, त्यातलं हे खोटं होतं की खरं, हे मला आजही ठाऊक नाही.

त्यांना उठवून टांग्यात बसवलं तेव्हा छत्री मागे राहिली. त्या संध्याकाळी मी मोडकी सुरी घेऊन फळ्यावरचं ते रंगवलेलं वाक्य खरवडून काढलं. सोपानचे आकडे मात्र पुसवेनात. चढलेले, उतरलेले, सगळे तसेच राहिले. रविवारचा कार्यक्रम मी बंद केला. वजनं करायची, पण पाहुणे गेल्यावर. दोन दाते त्यामुळे रागावून दुसऱ्या संस्थेकडे गेले. तिथे बहुतेक फळा असावा.

पाडवा होऊन गेल्यावर एके दिवशी सकाळी फाटकाशी बैलगाडी थांबली. गेनूशेठ खाली उतरले, मागे त्यांचा हमाल. गाडीत गुळाच्या ढेपा आणि आडतीवरचा मोठा तराजू, ज्यात गोण्या तोलतात तो, साखळ्या आणि फळ्यांच्या पारड्यांसकट. मला वाटलं, छत्री न्यायला आलेत. मी छत्री आणून दिली. त्यांनी ती उघडून दाखवली, सवयीने.

नवस खंडोबाला होता, म्हणाले, पण देवाने माल दिला नाही, तर मी कशाला देऊ, सौदा मोडला. गूळ मात्र आधीच घेऊन ठेवला होता. घरात ती ढेपांची चळत बघवत नाही. सोपानच्या वजनाइतका तुमच्या पोरांना घालतो. मग ते फळ्यापाशी गेले, नातवाच्या नावावर बोट ठेवलं आणि आकड्यांवरून ते सावकाश सरकवत नेलं. बोट शेवटी जाऊन थांबलं, परत मागे आलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्यातलं कंचं वजन धरू? भिजकं का वाळलं?"

मोठ्यातला मोठा आकडा सांगावा तर ते पाणी होतं, लहानातला सांगावा तर त्या पोराच्या बरगड्या डोळ्यांसमोर यायच्या. तेवढ्यात ठकूने आपल्या खाटेवरून कोण आलंय म्हणून विचारलं, आणि मला सुचलं. मी म्हटलं, शेठ, सोपानचं वजन पुष्कळदा झालं. आमच्याकडे एक मुलगी आहे, तिचं एकदाही झालेलं नाही. सोपानला घास भरवायला गोष्टी सांगायची ती. तिला तोला.

डॉक्टर आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, आडवीच ठेवा, पन्हाळीसकट, आणि मी उभा राहतो. व्हरांड्यापुढच्या निंबाच्या फांदीला हमालाने तराजू टांगला. आम्ही चौघांनी ठकूला तिच्या प्लॅस्टरच्या पन्हाळीसकट, फळीसकट उचलून पारड्यात ठेवलं. दहा महिन्यांत तिने आभाळ पाहिलं नव्हतं. बाकीची मुलं खिडकीत आणि दारात गोळा झाली. एकाने तिला हवेची म्हणून हाक मारली, आणि गजराबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मला गेनूशेठचा स्वभाव माहीत होता, म्हणून मी तयारीत होते. मागे एकदा कापून काढलेली तशीच पन्हाळ आम्ही तोलून ठेवली होती. तिचं वजन मी कागदावर लिहून आणलं होतं. ते वजा केलं की पोरीचं खरं वजन निघेल, म्हणजे माणसाला उगाच जास्त गूळ पडायला नको. मी कागद पुढे केला. हमालानेही रोजच्या सवयीने विचारलं, "शेठ, बारदान किती धरू?"

गेनूशेठनी माझा कागद बघितलासुद्धा नाही. त्यांनी पारड्यावर हात ठेवला, ठकूच्या प्लॅस्टरवर, आणि म्हणाले, "आज बारदान न्हाई. पोरगी येवडं वझं अंगावर घिऊन पडलीय, ते तिचंच हाय. बारदानासकट तोला."

हमाल बघतच राहिला. गजराबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. गेनूशेठ स्वतः ढेपा उचलून ठेवायला लागले. एक, दोन, तीन. ठकूचं पारडं हलकेच जमिनीवरून उठलं. दोन्ही पारडी बरोबरीत आली तेव्हा हमालाने हात वर केला. गेनूशेठनी ऐकलं नाही, आणखी एक ढेप ठेवली. गुळाचं पारडं खाली टेकलं आणि ठकू प्लॅस्टरसकट वर गेली, निंबाच्या पानांपर्यंत.

मी फळ्यावर तिच्या नावापुढचं "प्लॅस्टर" पुसून आकडा लिहायला वळले, तेव्हा तिने वरूनच विचारलं, "शिष्टर, आता कन्हायचं का हसायचं?"

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला तिला खूण करता आली नाही. मी गेनूशेठकडे बघितलं, तर तेही माझ्याकडेच बघत होते.